बायकांच्या केसांचा टॉवेल

बायकांच्या केसांचा टॉवेल निवडायला ओसरीवर तीन पुरुष बसले होते. त्यातल्या मारुतरावांनी टोपी काढली की डोकं पालथ्या तांब्यासारखं चकाकायचं. दौंडहून टॉवेलांचे नमुने घेऊन आलेल्या पोपटरावांनी डाव्या कानावरचे दहा-बारा केस उजव्या कानापर्यंत ओढून आणून, तेल लावून, कसेबसे चिकटवले होते. तिसरा सत्यजीत, मारुतरावांचा एकुलता एक लेक. तो रांजणगावच्या कंपनीत कामाला होता आणि दर रविवारी डोक्यावरून मशीन फिरवून घ्यायचा. तिघांचे मिळून केस मोजले असते तर एका वेणीचा शेंडासुद्धा झाला नसता.

कस्तुराबाई चहा घेऊन चौकटीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हा तमाशा डोळे भरून पाहिला.

"हे बघा कसं मऊ हाय," पोपटराव एक निळं फडकं मारुतरावांच्या गालावरून फिरवत म्हणाले. "मायक्रोफायबर! शहरात बायका ह्याच्याशिवाय न्हात न्हाईत. डोक्याला गुंडाळायचं, मागं बटण लावायचं, झालं काम."

"कापड एक नंबर हाय," सत्यजीतने पण हात फिरवून पाहिला. "आमच्या लाईनला गाडीची बॉडी असल्याच कापडानं पुसत्यात. एक ओरखडा येत न्हाई."

"मग ठरलं तर," मारुतरावांनी मांडीवर थाप मारली. "बायकांच्या डोक्याला तरी कशाला ओरखडा पायजे?"

तिघं खदाखदा हसले. कस्तुराबाईंनी चहाचे कप ठेवले. उमेदवार त्या होत्या, पण त्यांना कुणी बस म्हटलं नाही.

झालं होतं असं. भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या अलीकडे त्यांची वाडी. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मारुतरावांचा हक्काचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. मारुतराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की आपल्या घरात एक बाई आहे. लगेच अर्ज भरला गेला. सही कुठे करायची तिथे त्यांनी बोट ठेवलं, कस्तुराबाईंनी सही केली. फ्लेक्स लागले, त्यावर मारुतराव पोटापर्यंत आणि कस्तुराबाई कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. गावात कुणी काही विचारलं की मारुतराव सांगायचे, "आम्ही उभं राहिलोय."

आता संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं आणि वॉर्डातल्या बायकांना वाण काय द्यायचं हा प्रश्न होता. समोरच्या पार्टीने स्टीलचे डबे वाटले अशी बातमी होती. मारुतराव अंगणात फेऱ्या मारत होते, तेव्हा त्यांना दोरीवर वाळत घातलेली सुनेची, मोनालीची, केसांची टोपी दिसली. फिकट जांभळी, बटणवाली. तिथंच त्यांच्या डोक्यात दिवा लागला.

त्या टोपीचा इतिहास कस्तुराबाईंना चांगला ठाऊक होता, कारण ती घरात आली तेव्हा सगळ्यात जास्त नाक त्यांनीच मुरडलं होतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने मोनालीचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळायला लागले. जाड टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, असं कुणीतरी मोबाइलमध्ये तिला सांगितलं. मग ती टोपी पार्सलने आली. "केसाला येगळा टॉवेल," कस्तुराबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "उद्या कानाला येगळा रुमाल आन्, नाकाला येगळा पंचा मागव." मोनाली गप्प बसली. ती गप्प बसायची तेव्हा तिच्या हनुवटीला एक खळी पडायची, ती कस्तुराबाईंना मुळीच आवडायची नाही.

पण एकदा घरात कुणी नसताना कस्तुराबाईंनी ती टोपी न्हाल्यावर घालून पाहिली होती. मानेवर पाणी ओघळलं नाही. दोन्ही हात मोकळे राहिले, त्यात त्यांनी भाकरीसुद्धा थापून घेतली. थंडीत न्हाल्यावर हमखास उठणारी डोकेदुखी त्या दिवशी उठली नाही. टोपी चांगली होती, हे कबूल करणं भाग होतं. म्हणून त्यांनी कबूल केलं नाही, फक्त परत जागेवर ठेवली.

पोपटरावांनी आणलेलं निळं फडकं मात्र त्यांना हातात घेताच खटकलं. बोटांच्या चिरांना ते चिकटत होतं, चिकटपट्टीसारखं. कप उचलताना त्यांनी एक नमुना पदराखाली घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाल्या आणि ते डोक्याला गुंडाळलं. बटण पहिल्याच वेळी तुटून चुलीजवळ गेलं. फडक्याने पाणी टिपलं नाही, नुसतं इकडचं तिकडे केलं. परकर मागून पार भिजला. काढायला गेल्या तर केस त्यात अडकून आले. मोनाली धावत आली, तिने एकेक बट सोडवली आणि मग तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं?"

"आई, आरशात बघा."

कानशिलावरच्या पांढऱ्या केसांना निळा रंग चढला होता. जखम झालेल्या म्हशीला गुरांचा डॉक्टर जे औषध लावतो, अगदी तसला निळा.

कस्तुराबाई तशाच ओसरीवर गेल्या. मारुतराव मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होते. हातानेच त्यांनी थांब अशी खूण केली. कस्तुराबाई थांबल्या. मानेवरून पाणी गळत होतं, तरी थांबल्या.

"काय गं?"

"हे बघा. रंग जातोय. पाणी पीत न्हाई. ह्ये वाटू नका."

मारुतरावांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऑर्डर गेली. छपाई चाललीय. आन् तू कशाला डोकं लावतीस? तुझं नाव लागतंय तेवढं बास हाय."

"छपाई कसली?"

"फोटो. टॉवेलावर."

"कुणाचा?"

मारुतरावांना प्रश्नच कळला नाही. "आता कुणाचा म्हंजी? माझा. बायका मत देताना तोंड बघत्यात. तुझं तोंड कुणाला ठावं हाय?"

चाळीस वर्षं ह्या गावच्या प्रत्येक बाळंतिणीला आळिवाची खीर नेऊन देणाऱ्या बाईला तिचा नवरा हे सांगत होता. कस्तुराबाईंनी आत जाऊन केस विंचरले आणि मोनालीला म्हणाल्या, "गाडी काढ. शिरूरला जायचंय."

शिरूरच्या बाजारात अजीमचं कापडाचं दुकान होतं. अजीम हा चांदबीचा भाचा, आणि चांदबी म्हणजे कस्तुराबाईंची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या, एकाच हापशावर भांडलेल्या आणि पुढे एकमेकींशिवाय पान न हलणाऱ्या. चांदबीचे केस अजून गुडघ्यापर्यंत होते, मेंदीने लालभडक. मोनालीच्या स्कूटीवर तीन बायका बसल्या, हे कायद्यात बसत नाही. पण केसांच्या बाबतीत चांदबीला विचारल्याशिवाय काही घेणं कस्तुराबाईंना बसत नव्हतं.

अजीमने गादीवर ढीग मांडला. "खाला, हा घ्या, बांबूचा. हा इजिप्तचा. हा हॉटेलवाल्यांचा, फाइव्ह स्टार."

"हॉटेलात केस कोण धुतंय?" चांदबीने तो बाजूला सारला. "जड बघ किती. डोक्यावर ठेवला तर मान मोडंल."

"पेला भरून पाणी आण," कस्तुराबाई म्हणाल्या.

"चहा सांगतो की."

"पाणी आण रे. प्यायचं न्हाई."

त्यांनी प्रत्येक टॉवेलावर पाण्याचे थेंब टाकले. इजिप्तच्या टॉवेलावर थेंब मोत्यासारखे उभे राहिले आणि ऐटीत गडगडत गादीवर गेले. अजीम कळवळला. "नवा माल हाय खाला, धुतल्यावर पिणार पाणी."

"म्हंजी पैलं वरीस आम्ही त्याला पाणी प्यायला शिकवायचं?" चांदबी म्हणाली.

बांबूच्या टॉवेलातून धागे निघाले. फुलाफुलांचा एक मोनालीला आवडला. कस्तुराबाईंनी तो ओला करून स्वतःच्या फिकट पदरावर दाबला. पदरावर एक गुलाबी फूल उमटलं. "घे. आता हे फूल जलमभर माझ्या पदराला," त्या म्हणाल्या, आणि मोनाली पहिल्यांदाच सासूसमोर मोठ्याने हसली.

शेवटी तळातून एक पांढरा पंचा निघाला. पातळ, सैल विणीचा, काठाला नुसती एक तांबडी रेघ. अजीमला तो दाखवायचीही लाज वाटत होती. "हा गडीमाणसं खांद्यावर टाकतात, खाला. ह्यात काही फॅशन न्हाई."

कस्तुराबाईंनी थेंब टाकला. तो कुठे गेला ते दिसलंच नाही.

मग मोनालीने आपली वेणी सोडली, टोक पेल्यात बुडवलं आणि पंच्यात धरून दाबलं. घासायचं नाही, पिळायचं नाही, असं ती सासूला दाखवत होती आणि कस्तुराबाई मान वाकवून बघत होत्या. चांदबीने पंच्याची लांबी आपल्या केसांना लावून पाहिली. तो डोक्याभोवती दोन वेढे घेऊन वर खोचायलाही पुरत होता. बटणाची गरजच नव्हती.

"कमाल हाय," चांदबी म्हणाली. "आपण हे घरातच बघत होतो आन् ह्यांच्या खांद्यावर घाम पुसायला देत होतो."

तीन पंचे घेऊन तिघी परतल्या. कस्तुराबाईंनी एक मारुतरावांसमोर ठेवला. वाटायचं असेल तर हे वाटा, म्हणाल्या. अजीम पुरवायला तयार आहे.

मारुतरावांनी तो दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. "पंचा? मी मारुतराव, आन् पंचा वाटू? समोरची पार्टी स्टील वाटतीया. लोक म्हणतील, ह्याचं दिवाळं निघालं." आणि तो त्यांनी खांद्यावर टाकून तोंड पुसलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी अंगणात मांडव घातला. दुपार कलली तशा बायका येऊ लागल्या. वॉर्डातल्या सगळ्या आल्या, सणसवाडीला कामाला जाणाऱ्या पोरीसुद्धा सुट्टी टाकून आल्या. चांदबी आपल्या दोन्ही सुनांना घेऊन पुढच्याच सतरंजीवर बसली. कस्तुराबाईंनी हिंदू बायकांना कुंकू लावलं, चांदबीला आणि तिच्या सुनांना अत्तर, सगळ्यांना गुलाब आणि तिळगूळ. मारुतराव, पोपटराव आणि सत्यजीत बाजूला खुर्च्या टाकून बसले होते. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुष बसत नाहीत, एवढी रीत मारुतरावांना माहीत होती. पण आपला चेहरा वाटला जात असताना आपण हजर नसणं त्यांना शक्य नव्हतं.

गठ्ठे सुटले. निळ्या फडक्याच्या मधोमध मारुतरावांचं हसरं तोंड, गालांवर छपाईची लाली, डोक्यावर मात्र दाट काळे केस. ते छापणाऱ्याने आपल्या मनाने घातले होते की मारुतरावांनी सांगून घातले होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तोंडाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सौ. कस्तुराबाई यांना विजयी करा'.

"प्रचार न्हाई हां हा," मारुतराव मोठ्याने म्हणाले. "वाण हाय. आपुलकीचं वाण."

पहिला टॉवेल कस्तुराबाईंनी चांदबीच्या हातात ठेवला. चांदबीने तो उलगडला, लांब धरला, जवळ धरला.

"कस्तुरे," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच हापशासारखा, लांब ऐकू जाणारा. "हे मी डोक्याला बांधू? रोज सकाळी माझ्या डोक्यावर तुझ्या नवऱ्याचं तोंड? माझे मियाँ काय म्हणतील गं?"

मग मागच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटावा तसं हसू सगळ्या अंगणात पसरलं. एका म्हातारीने तिळगूळ गिळता गिळता ठसका लावून घेतला. मारुतरावही हसले. आपल्यावर हसताहेत हे त्यांना अजून समजलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही वापरून दाखवा ना त्यांना," पोपटराव सावरायला उठले. "सांगा, तुमचा अनुभव सांगा."

हा माणूस आयुष्यात एवढं एकच उपयोगाचं वाक्य बोलला असेल.

"सांगती," कस्तुराबाई म्हणाल्या. "मोनाली, घंगाळ आण. पाणी भरून."

मोनालीने घंगाळ आणून मांडवाच्या मधोमध ठेवलं. कस्तुराबाईंनी गठ्ठ्यातला एक टॉवेल घेतला, सगळ्यांना दाखवला आणि बुडवला. पाणी निळं झालं. त्यांनी तो वर काढून पिळला, तशी निळी धार लागली आणि मारुतरावांचं छापील तोंड एका बाजूने सुटून लांबलं. आधी हनुवटी गेली, मग मिश्या गळ्यापर्यंत उतरल्या. काळे केस तर त्याच्याही आधी वाहून गेले होते.

"माझ्या केसाला हाच रंग लागला हुता," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी सांगितलं, वाटू नका. माझं कुणी ऐकलं न्हाई. हे निवडलं त्या तिघांकडं बघा. तिघांच्यात एकाला तरी न्हाऊन केस वाळवायची पाळी येती का?"

बायकांच्या माना एकदम खुर्च्यांकडे वळल्या. पोपटरावांचा हात आपोआप कानावरून कानावर गेला.

"ह्यांनी मला विचारलं न्हाई, मग तुम्हाला काय विचारणार? नदीकाठी ऱ्हातो आपण आन् नळाला खारं पाणी. केस गळत्यात, भांडी पांढरी पडत्यात. त्यावर टॉवेल न्हाई लागत, पाणी गोडं लागतं. मी निवडून आले तर तेच एक मागणार. दुसरं मला काय येत न्हाई. वाण न्हाई आज. तिळगूळ घ्या, चहा घ्या. मत द्यायचं तर द्या, न्हाई तर राहू द्या."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. एवढं सलग बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. चांदबीने त्यांचे निळे हात आपल्या ओढणीने पुसले. मोबाइल तर दहा-वीस बायकांच्या हातात होतेच. संध्याकाळपर्यंत मारुतरावांच्या वाहून जाणाऱ्या मिश्या दौंडच्या पाहुण्यांपर्यंत पोचल्या.

पाहुण्यारावळ्यांची पाठ वळली तसे मारुतराव आत आले. "नाव मागं घे! आत्ताच्या आत्ता!"

"मुदत गेली," मोनालीच म्हणाली. "मतदानाच्या मशीनवर आईंचं नाव आलंय, मामा. आता न्हाई निघत."

"सत्यजीत, तुझ्या बायकोला सांग—"

सत्यजीत बुटाची लेस बांधत होता. कधी नव्हे ते तो रात्रीच्या शिफ्टला वेळेआधी निघाला.

मारुतराव त्या दिवसापासून प्रचाराला गेले नाहीत. पडली म्हणजे अक्कल येईल, असं ते पारावर सांगत. कस्तुराबाई, चांदबी आणि मोनाली घरोघर फिरल्या. हातात फ्लेक्स नाही, भोंगा नाही. बायका त्यांना आत बोलवायच्या, पांढरे झालेले नळ दाखवायच्या, कंगव्यात आलेले केस दाखवायच्या. फिरताना कस्तुराबाईंना एक गोष्ट कळली, आणि ती कळून त्यांना स्वतःचाच राग आला. मोनाली वर्षभर हेच सांगत होती. आपण मात्र तिच्या टोपीवरून तिला टोमणे मारत बसलो. परतताना त्या सुनेला म्हणाल्या, "मी तुझी टोपी एकदा घातली हुती."

"माहितीय," मोनाली म्हणाली. "पीठ लागलं होतं तिला."

निकाल लागला. कस्तुराबाई निवडून आल्या, आणि चांगल्या सणसणीत मतांनी आल्या. स्टीलचे डबे घरी ठेवून बायकांनी बटण इकडचं दाबलं होतं.

गुलाल उधळायला सगळ्यात पुढे कोण, तर मारुतराव. हार त्यांनीच घालून घेतला. आठवड्याने पोपटराव पेढे घेऊन आले आणि पुन्हा ओसरीवर बैठक बसली. कस्तुराबाई आत लुगड्याच्या निऱ्या नीट करत होत्या. पंचायतीची पहिली सभा होती. ओसरीवरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"राजकारण म्हंजी काय पोरखेळ हाय व्हय?" मारुतराव सांगत होते. "मीच तिला म्हटलं, सगळ्यांपुढं पाण्यात बुडव. माझं तोंड वाहून जाऊ दे, पण सीट वाहून जाता कामा न्हाई."

"मला तवाच वाटलं," पोपटराव म्हणाले. "ही वहिनींची बुद्धी न्हाई. म्हणून तर मी कच्च्या रंगाचा माल आणला."

आत मोनालीचा चेहरा लाल झाला. ती बाहेर जायला निघाली, तशी कस्तुराबाईंनी तिचा दंड धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांना लाज असती तर सांगितलं असतं."

त्या ओसरीवर आल्या. मारुतराव लगबगीने उठले, पांढऱ्या कपड्यांवर जाकीट चढवून ते तयारच होते. "चल, चल. मी बोलीन. तू नुसती माझ्या शेजारी बस."

"कुठं?"

"सभेला."

"सभा मेंबरांची हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

मारुतराव पोपटरावांकडे बघायला लागले आणि पोपटराव पेढ्यांकडे. फाटकाबाहेर चांदबी आपल्या हापशासारख्या आवाजात हाका मारत होती. मोनालीने गाडी चालू केली. कस्तुराबाई मागे बसल्या, पदर खोचला आणि वळून म्हणाल्या, "चहा तेवढा तुमचा तुम्ही करून घ्या. साखर वरच्या फळीवर हाय."

दोघं ओसरीवर बराच वेळ बसून राहिले. चहा काही झाला नाही. फळी कुठली, हे मारुतरावांना माहीत नव्हतं, आणि विचारायला घरात कुणी नव्हतं.